अस्वलांच्या मुलुखातला कूलर: रात्री तो ठेवणार कुठे?

मेमोरियल डेचा लाँग वीकेंड जवळ आला, की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कूलरची चर्चा पेटते. कोणाचा बर्फ चार दिवस टिकला, कोणाला सेलमध्ये काय मिळालं, तीनशे डॉलरचा येटी घ्यावा की पन्नास डॉलरचा कोलमन पुरे. बर्फ किती टिकतो हे महत्त्वाचं आहेच, पण जिथे अस्वलं आहेत तिथे तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: अंधार पडल्यावर हा कूलर राहणार कुठे?

उत्तरं तीनच संभवतात. कॅम्पसाइटवरच्या लोखंडी पेटीत, बंद गाडीत, किंवा उघड्यावर. तुमचं कॅम्पग्राउंड यातल्या कोणत्या प्रकारात बसतं, त्यावर कूलरचा आकार, वजन आणि किंमत ठरते. गंमत म्हणजे ‘बेअर-रेझिस्टंट’ (म्हणजे अस्वलाला फोडता न येणारा) म्हणून जास्तीचे पैसे मोजायची खरी गरज या तिसऱ्याच प्रकारात पडते, आणि आपल्यातले बहुतेक लोक जातात पहिल्या दोन प्रकारांच्या जागी.

योसेमिटी नॅशनल पार्कचं उदाहरण घेऊ, कारण कॅलिफोर्नियातली बरीच मराठी कुटुंबं तिथे जातात. तिथे ग्रिझली (आकाराने मोठी, जास्त आक्रमक अस्वलं) नाहीत, फक्त काळी अस्वलं आहेत (रंगाने बरीचशी तपकिरी असतात, ते सोडा). पण गाडीचं दार वाकवून उघडायला तेवढी पुरेशी आहेत. १९९८ साली या एका पार्कात अस्वलांच्या उपद्रवाच्या दीड हजारांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. त्यानंतर पेट्या वाढल्या, नियम कडक झाले आणि हा आकडा खूप खाली आला. आजचा नियम असा: दिवसाउजेडी गाडीत अन्न ठेवलं तर चालतं, मात्र काचा पूर्ण वर हव्यात आणि वस्तू बाहेरून दिसता कामा नयेत. अंधार पडल्यावर गाडीत काहीही नाही. सगळं साइटवरच्या पेटीत. दंड पाच हजार डॉलरपर्यंत होऊ शकतो. आणि तुमचा कूलर कितीही मजबूत, प्रमाणपत्रवाला, कुलूपबंद असला तरी त्याला सूट नाही. तोही पेटीतच गेला पाहिजे.

म्हणजे इथे अस्वलाला अडवण्याचं काम पेटी करते, कूलर नाही. कूलरने फक्त दोन गोष्टी करायच्या: पेटीत मावायचं आणि थंड राहायचं.

टेप घेऊन दुकानात जा

योसेमिटीतल्या साइटवरच्या नेहमीच्या पेटीचं माप आहे खोली ३३ इंच, रुंदी ४५ इंच, उंची १८ इंच. काही ठिकाणी याहून उंच पेट्याही आहेत, पण भरवसा १८ इंचांवरच ठेवावा. कूलर बहुतेक वेळा अडतो तो उंचीत. चाकांचे, ओढायच्या दांड्याचे मोठे कूलर सहज १९-२० इंच उंच असतात. ते आत जात नाहीत आणि आडवे करून घातले, की झाकणातून पाणी गळून पेटीभर पसरतं.

मध्यम आकाराचा जाड भिंतींचा कूलर बाहेरून साधारण २६ इंच लांब, १६ रुंद आणि १६ उंच असतो. तो लांबीने पेटीच्या खोलीत सरकवला, की ३३ पैकी २६ इंच गेले. असे दोन शेजारी शेजारी ठेवले तर रुंदीतले ३२ इंच गेले आणि १३ इंचांची पट्टी उरली. त्या पट्टीत बाकी सगळं कोंबायचं आहे. पीठ, तांदूळ, चिवडा, लोणच्याची बरणी, चहा-साखर हे तर झालंच. पण टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिप बाम, बाळाचे वाइप्स, कचऱ्याची पिशवी, ज्याला ज्याला वास आहे ते सगळं. एका साइटला सहा माणसं आणि पेटी एकच. दोन कुटुंबं एकाच साइटवर मावत असतील, पण दोन कुटुंबांचे दोन मोठे कूलर मावतीलच असं नाही. म्हणून एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्यावेत, किंवा एक मध्यम आणि एक छोटा.

माप घेताना कड्या, मुठी, चाकं, पाणी काढायचं बाहेर आलेलं बूच हे सगळं धरून घ्या आणि वर एक इंच मोकळा ठेवा. वेबसाइटवर कित्येकदा पोटातलं माप ठळक असतं आणि बाहेरचं खाली बारीक अक्षरात. नावातल्या आकड्यावरही जाऊ नका. येटी टुंड्रा ४५ मध्ये ४५ क्वार्ट मावत नाहीत; प्रत्यक्षात जेमतेम ३५ लिटरच्या आसपास जागा आहे. क्वार्ट म्हणजे लिटरपेक्षा किंचित कमी, त्यामुळे ढोबळ तुलना करताना दोन्ही सारखे धरले तरी बिघडत नाही.

वजनाचाही विचार करा. असा जाड कूलर रिकामाच दहा-अकरा किलोचा असतो, भरला की तीसच्या पुढे. दिवसातून चार वेळा तो पेटीतून बाहेर काढणं आणि आत सारणं एकट्याच्या कंबरेला परवडत नाही. त्यामुळे कूलर आतच ठेवायचा आणि झाकण उघडून हवं ते काढायचं असं बरेच जण ठरवतात. पण १८ इंचांच्या पेटीत १६ इंचांचा कूलर असेल तर झाकण उघडणार कसं? अर्धा बाहेर ओढावाच लागतो. पुढे-मागे सरकवायला कूलरखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा उलटा घातला तर ओढताना सोपं जातं आणि पेटीचा तळ खरवडत नाही.

पेटी हाताळायचा नियमही लक्षात असू द्या. आतलं काही काढत-ठेवत नसाल तेव्हा ती बंद आणि कडी लावलेली हवी. तुम्ही दहा फुटांवर बसून कांदा चिरत असलात तरी.

गाडीत ठेवायची मुभा असेल तिथे

यलोस्टोन, ग्रँड टीटन, ग्लेशियर इथे ग्रिझली आहेत, आणि तरीही तिथे पक्क्या छताच्या, काचा बंद केलेल्या गाडीत अन्न ठेवायला परवानगी आहे. पूर्वेकडच्या ग्रेट स्मोकी आणि शेनांडोआतही बंद गाडी चालते. म्हणजे न्यू जर्सी, व्हर्जिनियाकडच्या लोकांचा कूलर रात्री गाडीतच राहणार. नियम पार्कागणिक आणि कधी कधी कॅम्पग्राउंडागणिक बदलतात, त्यामुळे बुकिंगच्या पानावर जे लिहिलंय ते शेवटचं.

इथे अडचण वेगळी. बंद गाडी उन्हात पन्नास अंश सेल्सियसच्या वर सहज तापते. बाहेर ३० अंश असताना कूलरच्या आत-बाहेर जो फरक असतो, त्याच्या पावणेदोन पट फरक आता झाला. बर्फही त्याच वेगाने वितळणार. म्हणून कूलर डिकीत शक्यतो खाली, मागच्या सीटच्या सावलीत ठेवायचा आणि वरून जाड रजई किंवा स्लीपिंग बॅग टाकायची. स्लीपिंग बॅग कूलर गरम करते असा समज का कोण जाणे खूप पसरलेला आहे. ती फक्त उष्णता अडवते, मग ती कोणत्या बाजूने येतेय याच्याशी तिला देणंघेणं नाही.

गाडीत ठेवताना कूलर बंद असला तरी सीटखालच्या चिप्सच्या चुऱ्याचं काय? योसेमिटीत २००१ ते २००७ या काळात फोडल्या गेलेल्या गाड्यांचा अभ्यास झाला होता. त्यात मिनीव्हॅनचं प्रमाण तिथे येणाऱ्या मिनीव्हॅनच्या संख्येच्या मानाने फारच जास्त निघालं. त्यामागची एक शक्यता अशी मांडली गेली, की मिनीव्हॅनमध्ये लहान मुलं असतात आणि लहान मुलं खाऊ सांडतात. ओडिसी, सिएना अशा मिनीव्हॅनवाल्यांनी निघण्याआधी कार सीटच्या फटीत व्हॅक्यूम फिरवावा हे उत्तम.

प्रमाणित कूलर खरंच कोणाला लागतो

ज्यांच्याकडे पेटी नाही आणि पक्क्या छताची गाडीही नाही, त्यांना. पिकअपचा उघडा हौदा (वरून ताडपत्री असली तरी तो उघडाच धरतात), कापडी छताची जीप, नदीवरची राफ्टिंगची सहल. किंवा गाडीतच झोपायचं आहे आणि कूलर आत मावत नाही अशी व्हॅन. माँटाना, वायोमिंगमधल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये फुकट, सोयी नसलेल्या जागी तंबू ठोकणाऱ्यांना तिथले अन्न साठवणीचे आदेश लागू असतात. त्यांत प्रमाणित आणि कुलूप लावलेला कूलर चालतो.

हे प्रमाणपत्र इंटरएजन्सी ग्रिझली बेअर कमिटी म्हणजे आयजीबीसी देते. चाचणी होते माँटानातल्या वेस्ट यलोस्टोनमधल्या ग्रिझली अँड वुल्फ डिस्कव्हरी सेंटरमध्ये. कूलरमध्ये आवडीचं खाणं भरून तो तिथल्या ग्रिझलींपुढे टाकतात. अस्वलाने त्याच्याशी ६० मिनिटं झटापट करूनही आत तोंड घालता आलं नाही, तर तो पास. अस्वल काय करतं? पुढचे दोन्ही पंजे झाकणावर ठेवून अंगाचा भार टाकत उड्या मारतं, कोपरे चावतं, झाकणाच्या फटीत नखं घालून उपसतं. म्हणून पास होणाऱ्या बहुतेक कूलरमध्ये झाकणाची कड बाहेर आलेली नसते, बिजागरी मागच्या जवळजवळ पूर्ण लांबीची असते आणि कुलपाची भोकं पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात.

दोन्ही कोपऱ्यांत, हे महत्त्वाचं. एकच कुलूप लावलं तर दुसरा कोपरा उचलला जातो, बोटभर फट पडते, आणि अस्वलाला तेवढी फट पुरते. कुलूप न लावता नुसत्या रबरी कड्या ओढून ठेवलेला कूलर, त्यावर प्रमाणपत्राचं कितीही मोठं स्टिकर असलं तरी, बहुतेक मॉडेलांच्या बाबतीत प्रमाणित धरला जात नाही; चाचणीच कुलपं लावून झालेली असते. रबरी कड्या अस्वल दातांनी ओढून काढतं.

कुलूप घेताना दांडा लांब हवा. भिंत आणि झाकण दोन्हींच्या जाडीतून आरपार जाऊन वर अडकायचं असतं. सूटकेसची किंवा जिमच्या लॉकरची नेहमीची कुलपं तिथे पुरत नाहीत. कूलर दुकानातून घेतानाच कुलूप घालून बघा. दोन्ही कुलपं एकाच किल्लीची मिळतात, तीच घ्या. एक किल्ली गाडीच्या किल्लीच्या रिंगला, दुसरी डॅशबोर्डात. आकड्यांची कुलपं अंधारात, गार पडलेल्या बोटांनी उघडणं त्रासाचं होतं.

खरेदीच्या वेळी मॉडेलचं पूर्ण नाव आयजीबीसीच्या यादीत शोधा. प्रमाणपत्र कंपनीला नसतं, मॉडेलला असतं. त्याच कंपनीचा मऊ, खांद्याला लावायचा कूलर अस्वलापुढे कापडी पिशवीच. आणि पास झालेला कूलरही वास अडवत नाही. अस्वल येणार, हुंगणार, कदाचित तासभर खेळणार. त्यामुळे तो तंबूपासून शंभर यार्ड दूर, सपाट जमिनीवर ठेवावा. उतारावर किंवा ओढ्याकाठी ठेवला, तर तो फुटणार नाही, पण सकाळी सापडेलच असंही नाही.

थंडाव्याचा हिशेब

एक किलो बर्फ वितळताना साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. एक लिटर पाणी ३० अंशांवरून ४ अंशांवर आणायला १०९ किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे गरम लिटरमागे एक तृतीयांश किलो बर्फ. गॅरेजमधून उचललेले सोड्याचे चोवीस कॅन, म्हणजे साडेआठ लिटर, कूलरमध्ये टाकले की पावणेतीन किलो बर्फ नुसता त्यांना गार करण्यात संपला. दहा पौंडांच्या पिशवीत साडेचार किलो असतो. अर्ध्याहून जास्त पिशवी निघण्याआधीच गेली. कूलरचं जाड प्लास्टिकही असंच बर्फ खातं. तळघरातून किंवा तापलेल्या गॅरेजमधून आणलेल्या कूलरमध्ये आदल्या रात्री एक पिशवी बर्फ टाकून झाकण लावून ठेवा आणि सकाळी तो फेकून द्या. रोटोमोल्डेड (एकसंध साच्यातल्या जाड प्लास्टिकचा) कूलर विकत घेऊनही ‘बर्फ टिकला नाही’ म्हणणाऱ्यांची तक्रार पुष्कळदा इथेच उगम पावते.

आता भिंतीतून येणारी उष्णता. दोन इंच जाड पॉलियुरेथेन फोमचा मध्यम कूलर, बाहेर ३० अंश, सावलीत: कागदावरच्या हिशेबाने दिवसाला अडीच ते तीन किलो बर्फ वितळतो. पातळ भिंतींच्या स्वस्त कूलरमध्ये याच्या दुप्पट धरा. स्वस्त कूलरचं झाकण बहुतेक वेळा आतून पोकळ असतं. वर टिचकी मारून बघा, आवाजावरून कळतं. अन्नाच्या वर झाकणाच्या मापाचा जाड फोमचा तुकडा कापून टाकला, की पाच डॉलरात बरीच सुधारणा होते.

शुक्रवारी दुपार ते सोमवारी सकाळ, चार माणसं, जाड कूलर: भिंतीतून आठ किलो, उघडझाप आणि गरम वस्तूंचे तीन-चार, म्हणजे बारा किलोच्या आसपास बर्फ घेऊन निघावं. योसेमिटी व्हॅलीत मात्र दुकानात बर्फ मिळतो. तिथे फक्त व्हॅलीतच राहायचं असेल तर १५ इंच उंचीचा साधा कूलर आणि रोज एक पिशवी बर्फ, एवढं पुरतं. तीनशे डॉलर वाचवा. जुलैत व्हॅलीचं दुपारचं तापमान ३२ अंशांच्या घरात जातं आणि तपकिरी रंगाची लोखंडी पेटी उन्हात चांगली तापते, हे धरूनही. पेटीवर ऊन येत असेल तर कूलर आत ओल्या टॉवेलात गुंडाळा.

बर्फ शक्यतो मोठ्या लादीचा. चुऱ्याला पृष्ठभाग जास्त, तो लवकर वितळतो. घरी दुधाच्या गॅलन कॅनमध्ये पाणी गोठवा, पण वर दहावा हिस्सा रिकामा सोडून. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलेला कॅन शिवणीवर फुटतो. त्याहून चांगलं म्हणजे जेवणच गोठवा. राजमा, पावभाजीची भाजी, मटकीची उसळ झिपलॉकमध्ये सपाट पसरून गोठवली, की त्या पाट्या उभ्या रचता येतात आणि किलोभर पातळ उसळ पाऊण किलो बर्फाचं तरी काम करते. कोथिंबीर, काकडी, टोमॅटो बर्फाला टेकू देऊ नका, काळे पडतात. कच्चं चिकन किंवा मासे घट्ट डब्यात, तळाशी. आत एक थर्मामीटर टाका: ४ अंशांच्या वर गेलेलं दूध-मांस दोन तासांत संपवायचं किंवा टाकायचं, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात.

कोरडा बर्फ, म्हणजे ड्राय आइस, हवाबंद कूलरमध्ये घालणार असाल तर बूच सैल ठेवा. त्याचा वायू होतो आणि दाब वाढतो. तोच वायू बंद गाडीत साचला तर चालवणाऱ्याला गुंगी येते, म्हणून काच उघडी हवी. रात्री काचा बंद ठेवायचा नियम असलेल्या जागी झोपणार असाल तर तो नकोच.

बॅटरीवर चालणारे बारा व्होल्टचे फ्रिज हल्ली सगळ्यांना हवेसे वाटतात. गाडीत ठेवता येतं अशा पार्कांत ते उत्तम आहेत. गरम दिवसांत ४५ लिटरचा फ्रिज चोवीस तासांत ३०० ते ४०० वॉट-अवर खातो, तेव्हा गाडीच्या बॅटरीवर न विसंबता वेगळं पॉवर स्टेशन (सुटी मोठी बॅटरी) ठेवा. योसेमिटीत मात्र तो रात्री पेटीत जाणार. बरेचसे १८ इंचांहून उंच असतात, आणि मावलाच तर बंद लोखंडी पेटीत त्याच्या कंप्रेसरची गरम हवा जाणार कुठे? बंदच ठेवावा लागतो. बंद फ्रिज म्हणजे पातळ भिंतींचा महागडा कूलर.

राहिलं वितळलेलं पाणी. गार आहे तोवर ते काढू नका. बर्फाभोवती हवेपेक्षा गार पाणी बरं. नवा बर्फ भरताना काढा. पण त्यात चिकनचं किंवा माशाचं पाणी मिसळलेलं असू शकतं, आणि ते तंबूमागच्या झुडपात ओतणं म्हणजे अस्वलाला पत्ता देणं. बादलीत काढून बाथरूमजवळच्या भांडी धुण्याच्या सिंकमध्ये किंवा सांडपाण्याच्या जागी ओता. घरी आल्यावर कूलर बेकिंग सोड्याने धुवा आणि झाकणाची रबरी पट्टी काढता येत असेल तर तिच्या मागची खाच जुन्या टूथब्रशने घासा, कारण मसाल्याचं तेल तिथेच बसतं. मग बूच काढून, झाकणात एक काठी अडकवून, सावलीत वाळवा.